‘घ्यायचंच तर मोठं घ्या’ या सल्ल्याविरुद्ध

घराच्या बागेसाठी लांब दांड्याचा हेज ट्रिमर घ्यायला निघालेल्या माणसाला चहूबाजूंनी एकच सल्ला मिळतो. दुकानदार तोच देतो, शेजारी तोच देतात, बागकामाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातले जाणकारही तोच देतात. घ्यायचंच आहे तर मोठं घ्या. दांडा मिळेल तेवढा लांब, पातं मिळेल तेवढं मोठं आणि इंजिन पेट्रोलचंच, कारण बॅटरीचं म्हणजे खेळणं. पैसे एकदाच जातात, यंत्र दहा वर्षं टिकतं आणि कुंपण तर वाढतच जाणार. सल्ला ऐकायला व्यवहारी आहे, म्हणूनच तो इतका फोफावला. घरगुती बागेच्या बाबतीत मात्र तो मुळापासून चुकीचा आहे, असं माझं ठाम मत आहे. तो खिशाला महाग पडतोच. पण ते यंत्र ज्याला खांद्याच्या वर धरून तासभर फिरवावं लागतं, त्याच्या शरीराला तो त्याहून महाग पडतो.

लांब दांड्याची गरजच काय, माळ्याची कात्री आणि घोडा पुरेसा आहे, असं म्हणणारेही आहेत. त्यांना थोडक्यात उत्तर देतो. छातीपर्यंतच्या मेंदीला कात्री पुरते, आणि कात्रीइतका स्वच्छ काप कुठलंच यंत्र देत नाही. पण पाच फुटी कंपाउंडच्या भिंतीवर आणखी दोन-अडीच फूट चढलेली कोयनेल कापायची, तर घोडा मांडावा लागतो. कुंपणाची कापणी सगळ्यात जास्त असते ती जून ते ऑक्टोबर, म्हणजे वाफ्यातली माती भिजून भुसभुशीत झालेली असते तेव्हा. त्या मातीत घोड्याचा एक पाय रुतला की वरचा माणूस कात्रीसकट खाली येतो. बोगनवेलीचे काटे, ड्युरांटाच्या बगलेतले काटे, आत लपलेलं गांधीलमाश्यांचं घर, कोकणात असाल तर ओंबील, या सगळ्यांत तोंड खुपसून काम करण्यापेक्षा दीड-दोन मीटर लांब, पाय जमिनीवर ठेवून उभं राहणं केव्हाही शहाणपणाचं. लांब दांडा हवाच. माझा वाद आहे तो किती लांब आणि किती जड, यावर.

आधी लांबीचा हिशेब करू. साधारण साडेपाच फूट उंचीच्या माणसाने मागचा हात कमरेशी, जमिनीपासून पंच्याण्णव सेंटिमीटरवर धरला आहे असं समजा. यंत्राची एकूण लांबी दोन मीटर, त्यातलं पातं अर्ध्या मीटरचं. दांडा साठ अंशांत उभा केला आणि पातं सांध्यात वाकवून आडवं केलं, तर ते जमिनीपासून सव्वादोन मीटरवर फिरतं. म्हणजे सात फुटांच्या वर. घरगुती कुंपणाचा माथा याहून उंच क्वचितच असतो, आणि असेल तर तो का आहे याकडे मी शेवटी येणारच आहे. आता दुकानदार जो तीन-सव्वातीन मीटरचा सरकता दांडा पुढे करतो, तो सात फुटी कुंपणापाशी नेऊन बघा. दांडा लांब म्हणून माणसाला मागे सरकावं लागतं. मागे कंपाउंडची भिंत असते, गाडी असते, कुंड्या असतात. मग तो दांडा आडवा धरतो, आणि इथेच मोठ्या यंत्राच्या बाजूचा सगळा युक्तिवाद कोसळतो.

खोक्यावर यंत्राचं एकूण वजन छापलेलं असतं, आणि लोक तेवढंच वाचतात. हाताला जाणवणारं वजन ते नसतं. मोटर बसवलेलं पुढचं डोकं दोन किलोचं आहे, ते मागच्या हातापासून पावणेदोन मीटरवर आहे आणि दोन हातांत सत्तर सेंटिमीटरचं अंतर आहे असं धरा. दांडा आडवा असताना पुढच्या हाताला वर उचलावे लागतात पाच किलो, आणि मागचं टोक वर उसळू नये म्हणून ते तीन किलोंनी खाली दाबावं लागतं. दांड्याचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. आता तोच दांडा सत्तर सेंटिमीटरने लांब करा. पुढच्या हातावर सात किलो, मागच्या टोकावर पाच किलोंचा दाब. यंत्र तेच, खोक्यावरचा आकडा तोच, आणि सत्तर सेंटिमीटरसाठी पुढच्या हातावरचा भार चाळीस टक्क्यांनी वाढला. शाळेत शिकलेला तरफेचा नियम आहे हा, यात मतभेदाला जागा नाही.

याच नियमातून निवडीची पहिली खरी कसोटी निघते. दोन यंत्रं घ्या, दोन्हींचं दांडा सोडून वजन तीन किलो. पहिल्यात मोटर पुढे, डोकं दोन किलोचं आणि मागच्या हातापाशी एक किलोची बॅटरी. दुसऱ्यात पुढे फक्त दातेरी चाकं आणि पातं मिळून एक किलो. मोटर आणि बॅटरी मिळून दोन किलो मागे, आणि हालचाल दांड्यातल्या शाफ्टमधून पुढे जाते. पहिल्यात पुढच्या हातावर पाच किलो आहेत, मागच्या हाताला बॅटरीचा एक किलो वजा जाता दोन किलोंनी दाबावं लागतं. दुसऱ्यात पुढच्या हातावर अडीच किलो येतात, आणि मागचा हात दाबायचा तर सोडाच, नुसता अर्धा किलो सावरून धरतो. खोक्यावरचं वजन सारखं असून कष्ट निम्म्यावर आले. दुकानात उभं राहून व्होल्ट आणि सीसी विचारणाऱ्या माणसाने त्याऐवजी मोटर पुढे आहे की मागे, एवढं एक विचारलं तरी त्याची निवड सुधारेल.

इथे पेट्रोलवाले म्हणतील, आमचं इंजिन मागेच असतं, म्हणजे तोल आमचाच चांगला. मुद्दा बरोबर आहे आणि मी तो मानतो. पण तोल साधला म्हणजे वजन नाहीसं होत नाही. लांब दांड्याचा पेट्रोल ट्रिमर साधारण साडेपाच ते साडेसहा किलोंचा असतो. घरगुती बॅटरीचा साडेतीन ते साडेचार किलोंचा. गवत कापताना यंत्र पट्ट्यावर लटकवून जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवायचं असतं, तिथे पट्टा सगळं वजन पेलतो. कुंपण कापताना पातं वर जातं, खाली येतं, बाजूने उभं फिरतं, माथ्यावर आडवं फिरतं. दर मिनिटाला कोन बदलतो. पट्टा प्रत्येक कोनात नीट बसत नाही आणि शेवटी ओझं हातांवरच येतं. ऑनलाइन मिळणारी ती बावन्न सीसीची ‘फाइव्ह इन वन’ यंत्रं तर याहून वाईट. मूळचा ग्रास कटर, त्याच्या टोकाला कधी हेज ट्रिमरचं डोकं, कधी झाडाची करवत जोडायची. बावन्न सीसीचं इंजिन गवतासाठी, झुडपांच्या जाड बुंध्यांसाठी असतं. मेंदीच्या कोवळ्या फुटीसाठी ते उचलून खांद्याच्या वर नेणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

पेट्रोलचा आणखी एक प्रश्न आपल्या देशात आता अधिक टोकदार झाला आहे. घरचं कुंपण वर्षातून पाच-सहा वेळा कापलं जातं. मधले महिने यंत्र अडगळीत पडून असतं, टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलसकट. २०२५ पासून आपल्याकडच्या पंपांवर सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि कोकणातला किंवा घाटमाथ्यावरचा पावसाळा म्हणजे ओलीला तोटा नाही. पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं, टू-स्ट्रोकचं ऑइल त्यात मिसळत नाही, आतल्या रबरी पडद्या कडक होतात. अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं स्पष्ट लिहिलेलं असतं. रोज चालणाऱ्या यंत्राला याची झळ कमी बसते, कारण टाकी रिकामी होत राहते. महिनोन् महिने पडून राहणारं यंत्र मात्र नेमकं गरजेच्या दिवशी दोरी ओढून ओढून सुरू होत नाही. ‘एकदाच पैसे जातात’ म्हणणाऱ्यांनी कार्बोरेटर साफ करण्याचा वर्षाकाठचा खर्च कधी मोजलेला नसतो.

धुराबद्दलही बोललं पाहिजे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या रचनेतच दोष असा की ताजं मिश्रण आत येताना जळालेल्या वायूंबरोबर त्यातला बराचसा भाग न जळताच बाहेर जातो. कुंपण कापणारा माणूस त्या धुरापासून हातभर अंतरावर उभा असतो. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ च्या मॉडेलपासून अशा छोट्या इंजिनांच्या नव्या बागयंत्रांना धूरमुक्त असण्याची अट घातली. तिथे हिरवळी आणि कुंपणं आपल्याहून कितीतरी जास्त आहेत, बागकामावर पोट असलेलेही हजारो आहेत. बॅटरीचं यंत्र खेळणं असतं, तर हे पाऊल त्यांनी उचललं नसतं.

बॅटरीच्या बाजूचे सगळेच दावे खरे आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. तिथेही आकड्यांचा बाजार भरला आहे. एकावर ‘१८ व्होल्ट’ आणि शेजारच्यावर ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेलं असतं. दोन्हींत तेच पाच सेल असतात, एक आकडा नेहमीच्या दाबाचा आणि दुसरा पूर्ण चार्ज झाल्या क्षणाचा. स्वस्त यंत्रांवर ‘४८’, ‘८८’ असे आकडे आणि पुढे ‘व्हीएफ’ अशी अक्षरं छापलेली दिसतात, त्यांचा सेलच्या दाबाशी काही संबंध नसतो. बघायचे ते वॅट-अवर, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. अठराची चार अँपिअर-अवरची बॅटरी आणि छत्तीसची दोनची, दोन्ही बहात्तर वॅट-अवर. एवढ्यावर घरगुती ट्रिमर अर्धा-पाऊण तास आरामात चालतो. चाळीस बाय साठच्या प्लॉटची पुढची बाजू आणि एक कड त्यात होऊन जाते, आणि तोवर हातांनाही विश्रांती हवीच असते. विदर्भातल्या वाचकांना एकच सांगणं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी ठेवू नका, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हातून आणलेली बॅटरी तशीच चार्जरवर लावू नका. घरात, सावलीत, निम्मी भरलेली ठेवलीत तर ती वर्षानुवर्षं साथ देते.

पात्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी मागणी म्हणजे ‘जाड फांदी कापणारं द्या’. दातांमधलं अंतर घरगुती यंत्रात सोळा ते वीस मिलिमीटर असतं, मोठ्या पेट्रोल यंत्रात तीस-बत्तीसपर्यंत जातं. पण मेंदी, कोयनेल, कामिनी, ड्युरांटा यांची नवी फूट पावसाळ्यात दर पाच-सहा आठवड्यांनी कापली, तर ती पेन्सिलीहून जाड होतच नाही. पेन्सिल सात-आठ मिलिमीटरची असते. तीस मिलिमीटरची फांदी कुंपणात सापडत असेल, तर कापणी दोन वर्षं राहून गेली आहे आणि ते काम छाटणीच्या करवतीचं आहे. अशी फांदी पात्यात अडकते, माणूस ती हाताने ओढायला जातो आणि बोटं जातात. पात्यात काहीही अडकलं की आधी बॅटरी काढायची, मगच हात लावायचा. पेट्रोलच्या यंत्रातही इंजिन बंद करायचं असतं, पण ते पुन्हा सुरू करण्याच्या कटकटीला कंटाळून लोक ते चालूच ठेवतात, हे कुठल्याही माळ्याला विचारा. पातं पंचेचाळीस-पन्नास सेंटिमीटरचं पुरे, आणि त्याची दोन्ही पाती उलटसुलट सरकणारी हवीत, कारण एकच पातं सरकत असेल तर हादरे जास्त बसतात.

हादऱ्यांचा विषय मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, कारण तो थेट माळ्यापाशी जातो. आपल्याकडे यंत्र निवडतो एक आणि चालवतो दुसरा. बंगल्याचा मालक दुकानात जातो, खोकं वाचतो, मोठ्यातलं मोठं घेऊन येतो आणि ‘माळीकाका, नवीन मशीन आणलंय’ म्हणून पन्नाशी-साठीतल्या माणसाच्या हातात ठेवतो. त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. तो नाहीही म्हणू शकत नाही. तो दिवसाला चार-पाच बंगल्यांत जातो, आणि प्रत्येक मालकाने ‘मोठंच’ घेतलेलं असेल तर संध्याकाळी त्याचे हात थरथरत असतात. युरोपात २००२ च्या निर्देशानुसार कामगाराच्या हातापर्यंत पोचणारं कंपन आठ तासांच्या हिशेबाने सेकंदवर्गाला अडीच मीटरवर गेलं की मालकाला उपाय करावे लागतात, आणि पाच ही कमाल मर्यादा आहे. वर्षानुवर्षं कंपन सोसलेल्या बोटांतला रक्तपुरवठा बिघडतो, बोटं पांढरी पडतात, बधिर होतात आणि ती इजा सहसा भरून येत नाही. चांगल्या कंपन्यांच्या पुस्तिकांत कंपनाचा आकडा दोन्ही मुठींसाठी दिलेला असतो. घेण्याआधी तो वाचणं ही मालकाची जबाबदारी आहे. आपल्या माळ्याला कायद्याने नेमलेला कुणी कामगार-अधिकारी नाही. त्याच्या बाजूने विचार करणारे आपणच आहोत.

म्हणून माझा आग्रह असा की यंत्र घ्यायला जाताना ते चालवणाऱ्याला बरोबर न्या. त्याला बॅटरी लावून, दांडा पूर्ण उघडून, पातं खांद्याच्या रेषेत आडवं करून दोन मिनिटं धरू द्या. दुकानदार म्हणेल, खोकं फोडता येणार नाही. मग दुसऱ्या दुकानात जा. त्या दोन मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं. घरातल्या बाई स्वतः बाग बघत असतील तर त्यांनी स्वतः धरून बघावं, ‘बायकांना हलकं मॉडेल देतो’ म्हणून दुकानदाराने काढून दिलेलं निमूट घेऊ नये. हलकं मॉडेल सगळ्यांनाच लागतं.

लांबीबद्दलचा शेवटचा आक्षेप सुरक्षिततेचा आहे, आणि तो मला हलका करायचा नाही. लांब दांडे बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. आपल्या गावा-शहरांत विजेच्या तारा कंपाउंडलगतच्या खांबांवरून, कधी थेट कुंपणाच्या माथ्यावरून जातात, आणि पाऊस पडून गेलेला असतो. हेज ट्रिमरचा दांडा विजेपासून कुठलंही संरक्षण देत नाही. उत्पादकांच्या पुस्तिका तारांपासून दहा ते पंधरा मीटर दूर राहायला सांगतात. आपल्या गल्ल्यांमध्ये एवढं अंतर मिळणं कठीण आहे, हे खरं. पण म्हणूनच हातातला दांडा जितका आखूड तितकं बरं, आणि तार जवळ असेल तिथे महावितरणला कळवून वीज बंद करून घेतल्याशिवाय यंत्र वर न्यायचं नाही. सव्वातीन मीटरचा दांडा उभा धरला की कमरेच्या उंचीसकट तो चार मीटरच्या पुढे जातो. ‘लांब असलेलं बरं, गरज नसेल तर आत सरकवायचं’ हा युक्तिवाद इथे जीवघेणा ठरतो, कारण हातात लांबी असली की ती वापरली जाते.

मोठ्या पेट्रोल यंत्राला जागाच नाही असं मी म्हणत नाही. रिसॉर्ट, मोठ्या सोसायटीची शेकडो मीटरची हेज, फार्म हाउसच्या चारी कडा, रोपवाटिका, जिथे दिवसभर काम चालतं, चार्जिंगची सोय नाही आणि चालवणारा तरबेज आहे, तिथे ते योग्यच आहे. हे सल्ले मुळात तिथूनच आले आहेत. ठेकेदाराचं शहाणपण चाळीस फुटी कुंपणाच्या मालकाने उचललं, तिथे घोळ झाला.

राहता राहिला तो प्रश्न, ज्यावर ‘मोठंच घ्या’ची सगळी मदार आहे. कुंपण वाढणारच ना? पुढच्या वर्षी आठ फूट, त्याच्या पुढच्या वर्षी दहा, मग आखूड यंत्र काय कामाचं? कुंपण तुम्ही वाढू द्याल तेवढंच वाढतं. माथा रुंद आणि पाया अरुंद ठेवून कापलेल्या कुंपणाला खालपर्यंत ऊन मिळत नाही, खालची पानं गळतात, नुसत्या काड्या दिसू लागतात. आडोसा गेला म्हणून मालक कुंपण आणखी वर जाऊ देतो, आणि मग त्याला लांब यंत्र लागतं. पाया माथ्यापेक्षा वीतभर रुंद ठेवून, बाजू किंचित आत झुकत्या कापा, म्हणजे पाच-साडेपाच फुटांचं कुंपणही जमिनीपर्यंत दाट राहतं. कुंपण आधीच हाताबाहेर गेलं असेल, तर मेंदी आणि कोयनेल जुन्या लाकडातून पुन्हा जोमाने फुटतात. मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की करवतीने आणि लोपरने ते छातीएवढं उतरवा. त्याआधी आत बुलबुलाचं किंवा शिंप्याचं घरटं नाही ना, हे पानं बाजूला सारून बघा. असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा. मोरपंखीला मात्र हा उपाय लावू नका, तिच्या उघड्या लाकडातून नवी फूट येत नाही. आणि कडेला लावलेला आसुपालव वीस फुटांवर गेला असेल, तर ते कुंपण राहिलेलं नाही, ते झाड आहे. त्याची छाटणी शहरात वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीने आणि झाडावर चढण्याचा सराव असलेल्या माणसाकडून करून घ्यायची, जमिनीवरून कुठल्याही ट्रिमरने नाही.